हात सोडलाच नाही तर?

काही महिन्यांपूर्वी नगर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून गेले होते. प्रदर्शन पाहून झाल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमच्या मुलींचा स्वसंरक्षणाचा वर्गही पाहून जा." मैदानावर साठ-सत्तर मुली सहा रांगांत उभ्या होत्या. शिट्टी वाजली की सगळ्यांची उजवी मूठ पुढे, पुन्हा वाजली की डावी. मग लाथ. आवाज खणखणीत, शिस्त उत्तम. समोर मात्र कोणीच नव्हते. साठ मुठी हवेत जात होत्या आणि हवेतून परत येत होत्या.

शेवटी प्रशिक्षकांनी हात सोडवून घेण्याची एक युक्ती दाखवली. एका मुलीने दुसरीचे मनगट धरले, दुसरीने हात फिरवला, पहिलीने लगेच सोडून दिला. टाळ्या पडल्या. तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हिनं सोडला म्हणून सुटला. त्यानं सोडलाच नाही तर?"

प्रश्न प्रशिक्षकांना होता, पण मुलगी पाहत होती माझ्याकडे. त्या वेळी माझ्याकडे धड उत्तर नव्हते. पुढचे लिखाण म्हणजे तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. त्यात यामिकी आहे, थोडे शरीरशास्त्र आहे, आणि वर्गात करण्याजोगे चार-पाच प्रयोग आहेत. खर्च शून्य.

आधी जवळचे उदाहरण घेऊ. माझे बालपण याच जिल्ह्यात गेले. मामा तालमीत जायचे. मुलींना आत प्रवेश नव्हता, त्यामुळे मी दाराच्या चौकटीला टेकून पाहत बसे. तेल, ताक, हळद मिसळलेल्या लाल मातीचा वास अजून आठवतो. जोर-बैठका मला कंटाळवाण्या वाटत. खरी गंमत होती ती खडाखडीत. दोन पैलवान समोरासमोर येतात, एकमेकांच्या मानेवर हात टाकतात, कपाळाला कपाळ लागते, आणि बराच वेळ काहीच होत नाही असे दिसते. मान ओढली जाते, मनगट धरले जाते, सुटते, पुन्हा धरले जाते. मग एकाएकी एकजण खाली असतो. मी मामांना विचारायची, "तुम्हाला कसं कळलं, तो आता येणार ते?" ते म्हणायचे, "हाताला कळतं." मला ते उत्तर टाळल्यासारखे वाटे. ते किती अचूक होते हे समजायला मला वीस वर्षे आणि शास्त्रातली एक पदवी लागली.

आता काळ बदलला आहे. याच जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्याच्या भाग्यश्री फंड हिने २०२५ साली महिला महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा संपली. पृथ्वीराज मोहोळ विजयी झाला. पण लोकांच्या लक्षात राहिली ती गादी विभागातील त्याची शिवराज राक्षेबरोबरची कुस्ती, कारण राक्षेचे दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले की नाही यावरून मोठा वाद झाला. वादाच्या निकालाशी आपल्याला कर्तव्य नाही. मला त्यात कुतूहल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. हजारो डोळे आणि कॅमेरे रोखलेले असतानाही, दोन शरीरे एकमेकांना भिडली की नेमके काय घडते ते डोळ्यांना नीट दिसत नाही.

मी स्वतः हे शिकले ते मात्र तालमीत नव्हे. पीएच.डी. नंतर संशोधनासाठी परदेशात असताना विद्यापीठाच्या व्यायामशाळेत ताईजीचा एक वर्ग भरत असे. आपल्याकडे तिला 'ताई ची' म्हणतात, आणि बागेत संथपणे हात हलवणारी वृद्ध मंडळी एवढेच चित्र त्या नावाने डोळ्यांसमोर येते. मुळात ही लढण्याची विद्या आहे. चीनच्या हनान प्रांतातील चन कुळाच्या गावात ती सतराव्या शतकापासून जोपासली गेली असे मानतात. एकोणिसाव्या शतकात यांग लूचान याने ती तिथे शिकून बीजिंगला नेली आणि तिचा प्रसार झाला. २०२० साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचा समावेश केला.

या विद्येत एकट्याने करायच्या संथ हालचालींइतकाच महत्त्वाचा भाग आहे जोडीने करायच्या सरावाचा. त्याला 'तुइशौ' म्हणतात, म्हणजे हातांनी ढकलणे. दोघे समोरासमोर उभे राहतात, उजवा पाय पुढे. उजव्या मनगटाची मागची बाजू समोरच्याच्या मनगटाला लागलेली. एकजण हळूच दुसऱ्याच्या छातीकडे रेटतो. दुसऱ्याने तो रेट अडवायचा नाही, आणि स्पर्शही सोडायचा नाही. कमरेतून वळून रेट बाजूने जाऊ द्यायचा, मग आपण रेटायचे. पाऊल हलले की हरलात. पहिल्या दिवशी पाहिले आणि मनात म्हटले, ही तर खडाखडी! फक्त संथ, आणि घामाविना. ते लोक ज्याला 'ऐकणे' म्हणतात, म्हणजे तळहाताने समोरच्याचे बळ ऐकणे, ते मामांचे 'हाताला कळतं' हेच होते.

आता यामिकीकडे वळू.

उभा असलेला माणूस कधी पडतो? त्याच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा पावलांनी वेढलेल्या जागेच्या बाहेर गेला आणि पाऊल हलवून त्याने ती जागा वाढवली नाही तर. या जागेला आधारक्षेत्र म्हणू. मुलांना हे पटवायला एक जुना प्रयोग आहे. मुलीला खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसवा, आणि दुसरीने एक बोट तिच्या कपाळावर टेकवावे. आता तिने उठायचा प्रयत्न करावा. उठता येत नाही. उठण्यासाठी आधी डोके पुढे नेऊन गुरुत्वमध्य पावलांवर आणावा लागतो, आणि तेच बोटाने अडवलेले आहे. दुसरा प्रयोग: उजवा खांदा आणि उजव्या पावलाची कड भिंतीला चिकटवून उभे राहा आणि डावा पाय उचला. उचलत नाही. दोन्हींत कोणी बळ वापरलेले नाही, फक्त एक हालचाल बंद केली आहे.

आता आकडे घालून पाहू. पन्नास किलोंची मुलगी पाय जुळवून उभी आहे. तिचे वजन सुमारे ५०० न्यूटन. ओळंब्यापासून टाचेची कड साधारण १० सेंटिमीटर मागे असते. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.२ मीटरवर, कोणी मागे ढकलले आणि तिने काहीच केले नाही, तर टाचेभोवती दोन परिबले एकमेकांविरुद्ध उभी राहतात: ढकलण्याचे बल गुणिले १.२, आणि वजन गुणिले ०.१. गणित केले तर ढकलायला लागणारे बल येते सुमारे ४२ न्यूटन. चार किलोंहून किंचित जास्त वजनाइतके! पाय जुळवून उभ्या असलेल्या माणसाला पाडणे इतके सोपे आहे.

तीच मुलगी एक पाय मागे घेऊन उभी राहिली तर? आता मागची कड ओळंब्यापासून ३० सेंटिमीटरवर गेली. लागणारे बल १२५ न्यूटन. गुडघे वाकवून ती खाली बसली आणि तोच रेट १ मीटर उंचीवर आला तर १५० न्यूटन. तीच मुलगी, तेच स्नायू, आणि बल साडेतीन पट. मातीतला पैलवान वाकून का उभा असतो याचे हे अर्धे उत्तर. मात्र यासाठी पावलांना जमिनीने तेवढे घर्षण द्यायला हवे. वजनाच्या तीन दशांश इतके घर्षण गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी मिळेलच असे नाही. म्हणून प्रयोग अनवाणी करा.

उरलेले अर्धे उत्तर अधिक मजेचे आहे. दोन्ही पावले जवळजवळ एका रेषेत, एक पुढे एक मागे, अशी उभी असताना बाजूने कड किती दूर आहे? पावलाच्या निम्म्या रुंदीइतकी, फार तर ५ सेंटिमीटर. तर मग १ मीटर उंचीवर बाजूने ढकलायला लागणारे बल ५०० गुणिले ०.०५, म्हणजे २५ न्यूटन! समोरून जिला ढकलायला १५० न्यूटन लागत होते, तीच बाजूने २५ न्यूटनमध्ये हलते. पावले खांद्याइतकी फाकवली की ही उणीव कमी होते, पण संपत नाही. दोन पायांच्या प्राण्याची कोणतीही उभी राहण्याची पद्धत घ्या, तिला एक दुबळी दिशा असतेच. फळ्यावर दोन पावले काढा, त्यांभोवती दोरा ताणल्यासारखी रेषा काढा, आणि मुलांना विचारा की कुठून ढकलाल. सातवीतली मुलेही अचूक दाखवतात. कुस्तीतले कितीतरी डाव, टांग असो की ढाक, हे समोरच्याला त्याच्या दुबळ्या दिशेकडे वळवण्याचे किंवा त्या दिशेचे पाऊल अडवण्याचे उपाय आहेत.

आणि रेट जाऊ देण्याचे काय? एखादा ६० किलोंचा माणूस १५० न्यूटन बलाने १.२ मीटर उंचीवर रेटत असेल, तर स्वतः मागे पडू नये म्हणून त्याला तितकेच पुढे झुकावे लागते. परिबलांचे तेच समीकरण मांडले तर त्याचा गुरुत्वमध्य, ज्या पावलावर तो जोर देतो आहे त्याच्या ३० सेंटिमीटर पुढे येतो. म्हणजे तो तुम्हाला रेटत आहे आणि त्याच वेळी तुमच्यावर रेललेलाही आहे. दाराला खांदा लावून जोर करणाऱ्यासमोर आतून कडी काढली तर काय होते ते आपण पाहिले आहे. तुइशौमध्ये मागे सरकणे आणि वळणे म्हणजे ही कडी काढणे. त्यात गूढ काही नाही. 'अंतर्गत ऊर्जा' वगैरे शब्द त्या वर्गात मीही ऐकले. जे परिबलाने समजते त्याला वेगळ्या ऊर्जेची गरज मला तरी दिसली नाही.

प्रश्न असा की कडी कोणत्या क्षणी काढायची? इथे जोडीदाराचे खरे काम सुरू होते.

एक पट्टी घ्या. एकीने ती वरून उभी धरावी, दुसरीने खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेवर, अंगठा आणि बोट न टेकवता तयार ठेवावे. सूचना न देता पट्टी सोडायची, दुसरीने पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर पडून पकडली गेली तर तिला ०.२ सेकंद लागला. १५ सेंटिमीटरला ०.१७५ सेकंद, ११ सेंटिमीटरला ०.१५ सेकंद. अंतर बरोबर अर्धे गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले काळाचा वर्ग, हे सूत्र दहावीला आहेच. आता पकडणारीने डोळे मिटावेत, आणि सोडणारीने पट्टी सोडताना त्याच क्षणी मोकळ्या हाताने तिच्या खांद्याला स्पर्श करावा. प्रत्येकी दहा वेळा करून सरासरी काढा. बहुतेकींना स्पर्शाने कमी वेळ लागतो असे दिसेल. डोळ्यात प्रकाश पडल्यावर दृष्टिपटलातील रासायनिक क्रियांनाच सेकंदाचे काही शतांश जातात. त्वचेतील ग्राहके दाबाने थेट उद्दीपित होतात, तिथे हा विलंब जवळजवळ नाही.

स्पर्शाच्या जोडीला स्नायूंचे ताण ओळखणारे तंतू असतात. हात अनपेक्षितपणे ओढला गेला तर मेरुरज्जूतून होणारी पहिली प्रतिक्षिप्त क्रिया सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत सुरू होते. त्यानंतर, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत, दुसरी लाट येते. तिचा मार्ग मेंदूतूनही जातो, आणि विशेष म्हणजे 'अडव' की 'जाऊ दे' यांपैकी जे आधी मनात ठरवले असेल त्यानुसार ती कमी-जास्त होते. जाणीवपूर्वक हालचाल याच्याही नंतरची. थोडक्यात, 'रेट आला की ताठ व्हायचे नाही' हे सरावाने शिकता येते, पण ते शिकण्यासाठी रेट प्रत्यक्ष यावा लागतो. हवेने तो येत नाही.

याहूनही नवलाची गोष्ट १९६७ साली सोव्हिएत संशोधकांनी दाखवली. उभ्या माणसाला हात झटकन वर करायला सांगितले, तर खांद्याचे स्नायू कामाला लागण्याच्या आधीच पायांचे स्नायू आवळले जातात. हात उचलला की तोल जाणार हे मेंदूला ठाऊक असते, म्हणून तो आधीच पाया पक्का करतो. याचा अर्थ, कोणतीही जोराची हालचाल करण्यापूर्वी शरीर तिची चाहूल देते. ती चाहूल डोळ्यांना दिसत नाही. पण तुमचा तळहात समोरच्याच्या मनगटावर किंवा मानेवर असेल, तर ती दाबातील बारीकशा बदलाच्या रूपाने पोचते. मामांचे उत्तर ते हेच.

स्पर्श किती हलका पुरतो? डावे पाऊल उजव्याच्या टाचेला लावून, एका रेषेत, डोळे मिटून उभे राहा. शरीर डुलू लागते. आता एका बोटाचे टोक भिंतीला फक्त टेकवा, आधार घेऊ नका. डुलणे लगेच कमी होते. १९९४ साली जेका आणि लॅकनर यांनी हे मोजले. एका न्यूटनहून कमी, म्हणजे शंभर ग्रॅम वजनाइतक्याही नसलेल्या स्पर्शाने डुलणे जवळजवळ निम्मे होते. एवढ्याशा बलाने शरीर सावरले जाणे शक्य नाही. सावरते ती माहिती. भिंतीऐवजी मैत्रिणीच्या बोटाला बोट लावून हाच प्रयोग करा. दोघी डुलत असल्या तरी गंमत येते.

वेळ किती असतो तेही पाहू. पुढे झुकलेला माणूस उलट्या लंबकासारखा असतो. न सावरल्यास त्याचा झुकाव साधारण दर एक-तृतीयांश सेकंदाला पावणेतीन पट होतो. सावरण्याची संधी आहे ती या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात. डोळ्यांनी पाहून हालचाल करायला ०.२ सेकंद लागत असेल, तर संधीचा बराचसा भाग आधीच संपलेला असतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग ताईजी शिकवा, मुली सुरक्षित होतील. तसे मुळीच नाही. २७ एप्रिल २०१७ रोजी चीनमधील चेंगदू शहरात शू श्याओदोंग या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढवय्याने वेई लेई या ताईजीच्या नामांकित गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवले. त्या चित्रफितीने चीनमध्ये मोठे वादळ उठले. त्यावरून एका संपूर्ण विद्येची किंमत ठरवणे घाईचे होईल, पण एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्याचे जोडीदार वर्षानुवर्षे आदराने स्वतःहूनच मागे पडत आले आहेत, त्याला खरा रेट कसा लागतो हे ठाऊकच नसते. मैदानावरच्या त्या मुलीने हेच तर विचारले होते.

तालमीत हा धोका कमी असतो. तिथे जोडीदार खरोखर पाडायला बघतो, रोज, आणि वस्तादही खोटी कुस्ती ओळखतात. मात्र नवख्याला पहिल्याच दिवशी पूर्ण जोराने भिडवले तर तो फक्त घाबरायला आणि ताठ व्हायला शिकतो. तुइशौचा संथपणा सुरुवातीला म्हणूनच उपयोगी आहे. पण सुरुवातीलाच. पुढे वेग आणि विरोध वाढत गेला नाही, तर तो नाच होतो. चांगला नाच, म्हाताऱ्यांचा तोल सुधारणारा, २०१२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत कंपवाताच्या रुग्णांनाही उपयोगी ठरलेला. पण स्वसंरक्षण नव्हे.

आणखी एक कडू सत्य मुलींपासून लपवू नये. २००७ साली जर्मनीत तरुण स्त्री-पुरुषांच्या मुठीची पकड मोजली गेली. पुरुषांची सरासरी सुमारे ५४० न्यूटन, स्त्रियांची सुमारे ३३०. दहांपैकी नऊ स्त्रियांची पकड, जवळजवळ सर्व पुरुषांच्या पकडीपेक्षा कमी भरली. जोर-बैठका वाढवून ही दरी बुजणार नाही. म्हणून बलाला बल न लावता भुजा लावायची, म्हणजे तरफ.

मनगट धरणाऱ्या हाताची रचना पाहा. एका बाजूला चार बोटे, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. हात सरळ मागे ओढला तर संपूर्ण मुठीशी झगडावे लागते. हात असा फिरवला की मनगटाची अरुंद कड अंगठा आणि बोटे यांच्यामधल्या फटीकडे येईल, तर झगडा एकट्या अंगठ्याशी उरतो. आता कोपर मागे न ओढता उलट धरणाऱ्याच्या हाताकडे पुढे न्या. तुमचा पुढचा हात पहारीसारखा होतो. टेकू त्याच्या तळहाताच्या कडेला, कोपर २० सेंटिमीटर लांब, अंगठा चार-पाच सेंटिमीटरवर. चार-पाच पट फायदा, आणि कोपराला ढकलायला नुसता दंड नाही, तर पुढे टाकलेल्या पावलासह अख्खे शरीर. युक्ती तीच जी त्या दिवशी दाखवली गेली होती. फरक एवढाच की जोडीदाराने ती घट्ट धरलेल्या हातावर करू द्यायला हवी. आधी निम्म्या जोराने धरावे, मग पाऊण, मग सगळ्या. पूर्ण जोराला दहांपैकी चार वेळा सुटला तर चारच लिहावे. धरणाऱ्यालाही स्पर्शाने सगळे कळत असते, हे विसरू नये. त्यालाही कोपराची चाहूल लागते.

प्रशिक्षणाने प्रत्यक्ष फरक पडतो का, याचाही अभ्यास झालेला आहे. कॅनडातील शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला बारा तासांचे प्रशिक्षण, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रके. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के होते, पहिल्यात ५.२ टक्के. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. यात लक्षात घेण्याजोगे असे की त्या बारा तासांतला थोडाच वेळ अंगमेहनतीला होता. बराच वेळ ओळखीच्या माणसाचे वागणे कधी धोक्याचे होत आहे ते ओळखणे, आणि संकोच सोडून मोठ्याने 'नाही' म्हणणे, यासाठी दिला होता. आपल्याकडेही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत नव्वद टक्क्यांहून अधिक बलात्कारांत आरोपी ओळखीचाच असतो. काका, शेजारी, मित्र यांच्यासमोर मूठ कशी आवळायची हे रांगेत उभे राहून कळत नाही. तिथे आधी अडतो तो आवाज.

समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचे आत्मसंरक्षण प्रशिक्षण आहे. आपल्या जिल्ह्यात या विषयाला एक काळी किनार आहे. जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. त्यानंतर एका व्याख्यानात मी ऐकले की 'मुलींना कराटे येत असते तर हे घडलेच नसते.' हे वाक्य मला अजून बोचते. दोष करणाऱ्याचा असतो, आणि एकटीवर तिघे चालून आले तर परिबलाचे कोणतेही गणित पुरत नाही. प्रशिक्षणाने मुलींची शक्यता थोडी वाढते, एवढेच आपण प्रामाणिकपणे म्हणू शकतो. ते 'थोडे' मात्र खरे असावे.

आपल्या शाळेत जोडीचा सराव सुरू करणार असाल तर काही गोष्टी सांभाळा. जोडीदार मुलींनी स्वतः निवडावा. 'थांब' म्हटले की त्या क्षणी हात सुटलाच पाहिजे. इथे हयगय नको, कारण 'थांब'चा अर्थ 'थांब' हे शिकणे सरावाचाच भाग आहे. पडण्याचे प्रयोग गवतावर किंवा जाड सतरंज्यांवर करा. पट्टीचे आणि भिंतीचे प्रयोग मुलग्यांकडूनही करवून घ्या. ते त्यांच्याही अभ्यासक्रमात आहेत.

गेल्या महिन्यात त्या शाळेत पुन्हा जाऊन आले. क्रीडाशिक्षकांनी रांगा मोडून जोड्या केल्या होत्या, आणि एका वहीत प्रत्येकीच्या दहा प्रयत्नांची नोंद होती. तीच नववीतली मुलगी पुढे आली आणि तिने माझे मनगट धरले. मी हात फिरवला, कोपर पुढे नेला, पाऊल टाकले. सुटला नाही. तिने नुसता हात थोडा खाली घेतला आणि माझाच तोल पुढे गेला. मी विचारले, "तुला कसं कळलं?"

"मॅडम, तुम्ही कोपर हलवायच्या आधीच खांदा ताठ केला," ती म्हणाली, आणि वहीत माझ्या नावापुढे शून्य लिहिले.